पंचकात सोडलेलं घर

शेलूबाजारात राहत्या घराचा विमा उतरवणारा पहिला माणूस म्हणजे बापूराव. धंदा भाजीपाल्याच्या मळ्याचा, पण घर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनासमोर, आणि हंगामात तिकडून ठिणग्या उडायच्या. जिनाच्या विम्यासाठी आलेल्या दौलतराव एजंटाला त्यानं ओट्यावर बसवून चहा पाजला आणि आपल्याही घराचा कागद करून घेतला. गावानं दात काढले. "घर काय मरते का बापूराव, त्याचा इमा काढाले?"

दौलतरावानं एकच गोष्ट बजावली होती. "घरात काही बदललं की मले कळवा. कागद तसाच पेटीत घालून बसू नका." बापूराव या बाबतीत मोठा चोख. छपराचं गवत काढून टिनं टाकली, लगेच पोस्टकार्ड. मागची पडवी वाढवली, पुन्हा कार्ड. बायको पंचफुला वांगी निवडता निवडता हसायची, "उद्या मी नवी चूल मांडली त तेबी कळवसान काय?" तो म्हणायचा, "कळवीन."

अडतीस साली बापूराव तापानं गेला, आणि गेला तोही पंचकाच्या अशुभ दिवसांत. भटजींनी पंचांग पाहून सांगितलं, सहा महिने घर सोडा, नाहीतर त्याला गती मिळणार नाही आणि तो आणखी कोणाला तरी ओढून नेईल. सासू कस्तुराबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. लागतील तेवढी भांडी उचलली, दाराला कुलूप घातलं, त्यावर बोराटीची काटेरी फांदी आडवी बांधली, आणि सासूसून मळ्यातल्या खोपीत राहायला गेल्या. तिथं पंचफुलाचे हातपाय तेवढे चालत. पाणी द्यायची, भाजी तोडायची, वाढलं तर जेवायची. रडू काही येईना. बाया म्हणत, मोठी धीराची. धीर कसला आलाय! आतून सगळं बधिर झालं होतं.

दौलतराव भेटायला खोपीतच आला. हळहळला, घोटभर पाणी प्याला आणि उठता उठता सवयीनं विचारलं, "वहिनी, घरात काही बदल?"

पंचफुलाच्या डोळ्यांपुढं टिनं आली, भिंती आल्या, पडवी आली. "काईच नाई," ती म्हणाली. "जसंच्या तसं हाय."

त्याला वाटलं, बाया मळ्यात कामाला आल्या असतील.

पुढं ऐन हंगामात घर पेटलं. भरदुपारी पेटलं, पण आत माणूस नव्हतं, त्यामुळे धूर टिनांतून वर येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. मग गाव धावलं. घागरी, बादल्या, कळश्या, सगळं आलं. आणि दारापुढं येऊन सगळे थबकले. बोराटी कोण काढणार? पंचकाचं दार कोण उघडणार? ज्याला त्याला आपली लेकरं आठवली. लांबून पाणी मारत राहिले, आणि लांबून मारलेल्या पाण्यानं भिंती तेवढ्या भिजल्या.

काही दिवसांनी कंपनीचा साहेब दौलतरावासोबत आला. जळक्या ओट्यापुढं खुर्ची टाकून त्यानं नियम समजावला. घर महिन्याहून जास्त बंद राहणार असेल तर आधी कळवायचं. कळवलं असतं तर कंपनीनं कागदावर तसं लिहून घेतलं असतं, भरपाई मिळाली असती. न कळवता घर ओस टाकलं, तर काही मिळत नाही.

"आता नीट आठवून सांगा," साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "कोणी तरी राहत असेल ना इथं? निजायला तरी?"

कस्तुराबाई पुढं झाली. जिनं स्वतःच्या हातानं बोराटी बांधली होती, ती भरल्या गावापुढं म्हणाली, "मी राहत होती. रोज इथंच निजत होती."

सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि सगळ्यांना घर परत उभं राहायला हवं होतं. साहेबानं पंचफुलाकडं पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"नाई साहेब," ती म्हणाली. "इथं कोनी नव्हतं."

"पंचफुले!" सासू कळवळली. "खोपीत जलम काढाचा हाय का तुले?"

"आत्याबाई, त्यायच्यासाठी घर सोडलं ना आपन? त्यायच्यासाठी तेवढंच त करता आलं मले. आता सोडलंच नाई म्हनू?"

दौलतरावाचा चेहरा उतरला. "पण वहिनी, मी विचारलं होतं तुमाले. तवाच काहून नाई सांगितलं, घर रिकामं हाय म्हनून?"

पंचफुला बाजारात वांग्याचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली.

"त्यायचा सदरा खुटीवर होता. वहाना दाराआड होत्या. मले ते घर रिकामं कदी वाटलंच नाई, भाऊ."