उत्तरेच्या कोपऱ्यातली माती

स्टेडियमचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. माती कुठं गेली? फायनल कुणी जिंकली, छप्पर केवढं, खुर्च्या किती, सगळं लिहितात. मातीचं नाव कुणी काढत नाही.

आमच्या जुन्या स्टेडियममध्ये दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. पहिलीच्या वेळी उत्तरेच्या गोलमागे खुर्च्या नव्हत्या. सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे. गरिबांनी उभं राहून बघायचं. माझे बाबा तिथलेच. आवाज असा, की सगळे त्यांना भोंगा म्हणायचे. बाहेरच्या टीमला तर सामनाभर शिव्या. आपल्या गोलकीपरला हासडलेली त्यांची शिवी पार पलीकडच्या गोलकीपरनं वळून ऐकली, असं काका अजून सांगतात. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्या मैदानाचे माळी.

"मेलो की मला तिथंच पुरा," असं बाबा म्हणत राहिले, आणि खरंच मेले. मैदानात राख टाकायला सक्त मनाई होती. तरी काकांनी एका सकाळी कोपऱ्याच्या झेंड्याजवळ गवताचा चौकोन अलगद उचलला, राख घातली, चौकोन परत बसवून पायानं दाबला. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला काका मागचं गेट उघडायचे आणि आई झेंड्याजवळ उभी राहून घरची गाऱ्हाणी सांगायची. जावयाची जास्त.

आता तिसरी स्पर्धा येते आहे. तिच्यासाठी शहराबाहेर नवं स्टेडियम उभं राहिलंय, जुनं पाडणार. पाडण्याआधी निरोपाचा दिवस ठेवला. या, फोटो काढा, गवताचा तुकडा घरी न्या. जिवंत होतं तेव्हा तिकीट परवडू दिलं नाही, आणि आता मढं फुकट वाटतायत.

आई बिस्किटांचा रिकामा डबा आणि पळी घेऊन आली. काका आम्हाला बघूनच गडबडले.

"वहिनी, तुम्ही सावलीत बसा. मी आणतो काढून."

"का? मला काय हात नाहीत?"

"गुडघे दुखतात तुमचे."

"गुडघे माझे आहेत, भाऊजी. तुम्ही का कण्हताय?"

ती झेंड्याजवळ बसली आणि तिनं पळी खुपसली. माती निघेना. वाळू निघाली, पिवळी, बाजारातून आणल्यासारखी. आणि वाळूतून हिरवे दोरे. आईनं आयुष्यभर शिलाईच्या दुकानात काम केलंय. तिनं दोरा चिमटीत धरून ओढला, दातांखाली दाबून पाहिला.

"हे नायलॉन आहे."

काका पायानं वाळू सारखी करायला लागले.

"भाऊजी, गवताला टाके कुणी घातले?"

"मशीननं घालतात. खेळाडूंच्या पायाखाली उखडू नये म्हणून." काका मान खाली घालून बोलले. "दुसऱ्या स्पर्धेच्या वेळी. वरच्यांचा हुकूम होता, मैदान नवं पाहिजे. जुनी माती सगळी उपसली."

"सगळी?"

"सगळी."

"मग आमचा माणूस?"

शेजारी कुणीतरी पोराला खांद्यावर घेऊन फोटो काढत होतं. काकांनी ते पुढं जाईपर्यंत वाट पाहिली.

"मी तिथंच उभा होतो, वहिनी. मशीन या कोपऱ्याला आलं तेव्हा थांबवायला हात वर केला. मुकादम म्हणाला, काय आहे तिथं? काय सांगणार? राख मीच पुरलेली. नोकरी गेली असती. म्हटलं, काही नाही, पाइप असेल असं वाटलं."

"पाइप," आई म्हणाली.

"घमेलंभर माती मागून घ्यायची, एवढंही सुचलं नाही मला."

"आणि मग दर वर्षी गेट उघडत राहिलात."

"तुम्ही इथून जाताना जरा हलक्या व्हायचात. कसं सांगू?"

"नवरा समजून मी नायलॉनशी बोलत होते, भाऊजी. आणि तुम्ही तिकडं पाइप धरून गवताला पाणी घालत होतात."

काकांचा मला राग आला. मुकादमाचा आला. पण सगळ्यांत जास्त त्या पाहुण्यांचा, जे महिनाभर येतात, टाळ्या पिटतात, जातात, आणि ज्यांच्यासाठी आमच्या पायाखालची जमीन बदलावी लागते.

आईनं वाळू झटकली. डब्याला झाकण लावलं. "टाकली कुठं ती माती?"

"पूर्वेच्या पार्किंगला. भर घालायला. वर डांबर केलंय." मग काका, सांगावं की नाही अशा आवाजात, "बाहेरच्या टीमच्या बस लागतात तिथं."

आईला हसू फुटलं. "अगं बाई! जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्याच चाकांखाली!" हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिनं पदर तोंडाशी नेला.

मग म्हणाली, "चला तिकडं."

काकांनी डबा धरायला हात पुढं केला. तिनं दिला नाही.

पार्किंग रिकामं होतं. डांबर तापलेलं, मध्ये पांढरे पट्टे, बसच्या तेलाचे काळे डाग. कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळं सारखं. आई चार पावलं आत गेली, थांबली, परत डावीकडं गेली. तिथंही थांबली.

"भाऊजी," तिनं वळून विचारलं, "कुठं उभी राहू, तेवढं तरी सांगा."

दोरी न लावता मैदानावर सरळ रेघ मारणारे माझे काका. त्यांनी त्या डांबराकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि त्यांना ती जागा काही सापडली नाही.