आठ दिवसांचं सामान

बॅगांच्या दुकानाची पायरी चढताना बाइंडरबाईंनी नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं, "अहो, फार काही घेत सुटू नका. मी जायचं अजून नक्की केलेलं नाही."

"नको ना करूस. नुसतं बघायला काय जातंय," असं म्हणत लिफ्टवाले आत शिरलेसुद्धा.

बाइंडरबाई कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायच्या. वय छप्पन्न, बोटांना कायम खळीचा वास. लिफ्टवाले म्हणजे त्यांचे यजमान. तीस वर्षं गावोगाव लिफ्ट बसवत हिंडले आणि गेल्या वर्षी निवृत्त होऊन घरी बसले. जुन्या, हात लावला की भुगा होणाऱ्या कागदांची डागडुजी शिकवणारा एक वर्ग परगावी भरणार होता, चांगला आठ दिवसांचा. ग्रंथपालबाईंनी त्यासाठी नेमकं बाइंडरबाईंचंच नाव काढलं होतं. हो की नाही ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं, आणि घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

तसा बाईंनी प्रवास केलाच नव्हता असं नाही. बहिणीच्या आजारपणाला गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. पण सोबत कुणी ना कुणी असायचंच, आणि बाईंचे दोन कपडे त्या कुणाच्या तरी बॅगेत उरल्यासुरल्या जागेत कोंबलेले असायचे. कंगवा तर एकदा जावयाच्या बुटातून निघाला होता. आता मात्र एकटीनं जायचं होतं. "तुमच्या जेवणाचं काय?" ही सबब त्यांनी चार दिवस लावून धरली होती. सबबच ती, कारण लिफ्टवाल्यांना स्वयंपाक त्यांच्याहून बरा यायचा. खरं म्हणजे बाई घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याचं कुणाला सांगायची त्यांना सवय नव्हती.

दुकानदार गुटगुटीत, गोडबोल्या माणूस होता. त्यानं क्षणात काउंटर भरून टाकला. कपड्यांच्या चेनवाल्या जाळीदार पिशव्या, चार्जर आणि वायरींचं पाकीट, टांगायची साबणदाणी, बॅगेचं वजन करायचा हातातला काटा.

"मला नका शिकवू," लिफ्टवाले खुर्ची ओढून बसत म्हणाले. "तीस वर्षं बॅग घेऊन फिरलोय. शर्ट डावीकडे, त्याखाली पँट. पायमोजे उजव्या कोपऱ्यात. दाढीचं सामान वरच्या कप्प्यात. डोळे मिटून हात घातला की हवी ती वस्तू हातात."

"वा," दुकानदार म्हणाला. "शर्ट घडी करता की गुंडाळता?"

लिफ्टवाल्यांनी मग हळूच बायकोकडे पाहिलं.

"रोजचे गुंडाळून," बाई म्हणाल्या. "इस्त्रीचे घडी करून, मधे वर्तमानपत्र घालून. यांनी जन्मात बॅग भरलेली नाही. यांना फक्त रिकामी करता येते."

दुकानदार पोट धरून हसला आणि त्यानं आपला मोहरा बाईंकडे वळवला. आता बाई रंगात आल्या. पिशव्यांच्या शिवणी त्यांनी उलट्या करून पाहिल्या. "ही एकेरी टीप आहे, दोन फेऱ्यांत उसवेल," म्हणून एक बाजूला सारली. दुसरीची चेन दहादा ओढून पाहिली.

"बरं, तुम्ही काय काय नेणार ते सांगा. त्याप्रमाणे मापं काढतो," दुकानदार म्हणाला.

"पाच शर्ट," बाई चटकन म्हणाल्या, "तीन पँट..." आणि थांबल्या. लिफ्टवाल्यांना हसू फुटलं, पण बायकोचा चेहरा पाहून ते आपोआप ओसरलं. बाई काउंटरवरच्या पिशव्यांकडे बघत राहिल्या होत्या. आपलं काय काय असतं, ते त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

वेळ मारून न्यायला दुकानदारानं एक चपटी डबी पुढे केली. तिला सात कप्पे होते, प्रत्येकावर एकेका वाराचं नाव. "गोळ्यांची डबी. हल्ली फार खपते."

"ती नको. हिला कसलंच औषध नाही," लिफ्टवाले म्हणाले.

"आहे," बाई म्हणाल्या.

"कसलं?"

"थायरॉइडचं. रोज सकाळी, उपाशीपोटी."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

दुकानदाराला एकदम मागचं शेल्फ आवरायचं आठवलं. लिफ्टवाल्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "अकरा वर्षं. आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तेव्हा बाहेरगावी होतात. एवढीशी गोळी, फोनवर काय सांगायची? मग राहूनच गेलं."

"माझे पायमोजे कुठल्या कोपऱ्यात ते तुला पाठ. आणि मला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "आणखी काय काय आहे? सांग. मी लिहून घेतो."

त्यांनी खरंच काउंटरवरचा एक कागद ओढला. बाईंना आधी संकोच वाटला. मग म्हणाल्या, "लांबचा चष्मा वेगळा, वाचायचा वेगळा. पायांना लावायचं तेल. उशाशी पाण्याची बाटली लागते." लिफ्टवाले एकेक शब्द नीट लिहीत होते. त्या वाकलेल्या डोक्याकडे बघून बाईंना एकाएकी धीर आला. "आणि मला भीती वाटते. परक्या खोलीत एकटीनं झोपायची."

लिफ्टवाल्यांनी थट्टा केली नाही. "मलाही वाटायची," ते म्हणाले. "पहिली चार-पाच वर्षं दिवा चालू ठेवून झोपायचो."

"कधी बोलला नाहीत."

"फोनवर काय सांगायचं?"

बाई हसल्या. हसताना त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी खळीच्या वासाच्या बोटांनी पुसले. मग त्यांनी सामान निवडलं. दुहेरी शिवणीच्या तीन पिशव्या, चष्म्यांची कडक पेटी, तेलाची न सांडणारी बाटली. गोळ्यांची डबी उघडून त्यांनी कप्पे मोजले.

"यात सातच मावतात," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांच्या आठ लागतील."

"आठवी माझ्याकडे दे," लिफ्टवाले म्हणाले. "शेवटच्या दिवशी मी न्यायला येतो. सकाळी सहाला तुझ्या दारात उभा असेन, गोळी घेऊन."

घरच्या बाटलीत साठेक गोळ्या होत्या. एखादी कागदात गुंडाळून सहज नेता आली असती, आणि हे बाईंइतकं कुणाला कळत होतं? पण त्यांनी पर्समधून फोन काढला आणि ग्रंथपालबाईंना लावला.

"येते म्हणून कळवा," त्या म्हणाल्या. "आणि एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी सहाला तिथलं फाटक उघडं असतं का? आमच्याकडचं माणूस यायचंय."