घरी परतायची लेव्हल

पोंभुर्ण्याच्या अश्वजितनं चार वर्षं खपून एक गेम बनवला, आणि खरं सांगू, तो कोणाच्या बापाला खेळता आला नाही.

गेममध्ये खेळणाराच मोहफुलं वेचणारा. पडद्यावर दिसतात नुसते त्याचे हात, टोपली आणि जंगल. वानर कुठून ओरडलं, चितळ कुठं टक लावून उभं आहे, चिखलातला माग ताजा की शिळा, असली कोडी सोडवत, वाघाला चुकवत घरी पोचायचं. पुण्याच्या एका कंपनीनं कळवलं: फार अवघड आहे, वाट दाखवणारे बाण टाका. घ्या, जंगलात बाण! मोहर्लीला रोज सफारीची जिप्सी हाकणारा विक्कीसुद्धा नाल्यापाशी सहादा मेला आणि "हट् बे!" म्हणून उठून गेला.

अश्वजितला त्याचं काही नव्हतं. दोन वर्षांमागं खऱ्या जंगलातल्या त्याच नाल्यापाशी मोह वेचायला गेलेल्या त्याच्या बापाला, श्रावणला, वाघानं मारलं. त्या पहाटे जोडीला अश्वजितच जायचा होता. "बाबा, तुमी व्हा समोर, मी आलोच," म्हणाला आणि याच गेममधलं एक झाड नीट करत बसला. तेव्हापासून पोराला एकच ध्यास: पडद्यावर का होईना, मायनं एकदा बाबाला घरी आणावं. चाळीस वर्षं मोह वेचलेल्या बाईला नाही जमणार तर कोणाला?

रविवारी दुपारी त्यानं मायला, अंजनाबाईला, कॉम्प्युटरसमोर बसवलं. काय बाई ती! वानर ओरडताच थबकली, नाला टाळून वरच्या अंगानं निघाली. अश्वजितचा जीव सुपाएवढा झाला. गाव आता शंभर पावलांवर.

तिथंच ती थांबली. पडद्याकडं तोंड करून तिनं लांब हाक दिली, "होऽऽ!" मग कान देऊन बसली. पुन्हा दिली. मोह वेचणारे घडीघडी अशी हाक देतात आणि जोडीदार ओ देतो. अश्वजितनं पाखरापाखराचा आवाज घातला होता, एवढा एक सोडून.

"याचा जोडीदार काऊन ओ देत नाई?"

"जोडीदार नाई, माय. एकट्याचाच गेम हाय."

"एकट्याचा?" तिनं माऊस हळूच बाजूला सारला. "मंग मी नाई नेत याले समोर. ओ आली नाई तं माणूस तिथीच उभा राह्यते, वाट पाह्यते. तुया बाबानं बी किती खेप हाक देली असंन, बापा!"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. ती त्याच्याकडं बघत राहिली. अश्वजितच्या तोंडून आजही ओ निघाली नाही.