शांत, सुरेख स्थळ

ऋजुताने पोह्यांच्या बश्या पाहुण्यांपुढे ठेवल्या आणि आईने डोळ्यांनीच खुणावल्यावर समोरच्या खुर्चीत बसली. ठाण्याहून खास गाडी करून आलेलं ते वयस्कर जोडपं. गृहस्थांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं,

“वय किती असेल?”

“चैत्रात चौतीस पूर्ण झाली,” आई म्हणाली. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती.

“तेवढं वाटत नाही हो,” बाई म्हणाल्या. “मुलगा अमेरिकेत असतो. फोटो पाठवले की तो कळवेल.”

आई खुलली आणि चहा टाकायला आत गेली. गृहस्थ उठले, भिंतीचा चिरा बोटांनी वाजवू लागले.

“पावसाळ्यात गळतं का कुठे?” त्यांनी ऋजुताला विचारलं.

तिचा धाकटा भाऊ यज्ञेश नेमका तेव्हाच ऑफिसातून येऊन दारात उभा राहिला होता. हे घर बघायला आलेत, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

रत्नागिरीतल्या एका एजंटाच्या वेबसाइटवर मुंबईच्या कंपनीकडची विकाऊ घरं दाखवायची आणि इथली तिकडे पाठवायची, असं काम त्याने घेतलं होतं. कंपनीच्या एपीआयशी, म्हणजे माहिती देण्या-घेण्याच्या यंत्रणेशी, जोडणारी कोडची लायब्ररी तयारच मिळाली होती. पाठवून बघायला एखादं घर हवं, म्हणून या पठ्ठ्याने आपलंच घातलं, फोन नंबरही घरचाच. लायब्ररीत चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता भरायचा मात्र विसरला, आणि घर थेट खऱ्या यादीत जाऊन बसलं. शिवाय वर्णनात हौसेने लिहिलं होतं, ‘शांत, सुरेख स्थळ’. बाईंनी फोनवर तेच म्हटलं, तुमचं स्थळ बघायला येतो. आईने पुढे काही विचारलंच नाही. स्वतःहून फोन करून कोणी आल्याला किती वर्षं झाली होती!

त्याने पाहुण्यांना अंगणात नेलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. गृहस्थ चिडले, दिवस फुकट गेला म्हणाले. बाईंनी मात्र दाराकडे पाहिलं.

“म्हणून ती मुलगी साडी नेसून...” त्या म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

गाडी वळेपर्यंत यज्ञेशला मान वर करवली नाही. मागे ऋजुता येऊन उभी होती.

“ताई, माझ्यामुळे...”

“कळलं मला. भिंत वाजवली तेव्हाच.”

आतून आईची हाक आली, “गेलेसुद्धा? चहा न घेता? काय म्हणाले रे?”

हा प्रश्न या घरात नेहमीचा. उत्तर देताना ऋजुताकडे कोणी बघायचं नाही, हेही नेहमीचं. यज्ञेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सांग तिला,” ऋजुता हळूच म्हणाली, “मीच नाही म्हटलं.”

“अगं, पण...”

“एकदा तरी सांग.”

त्याने घसा खाकरला. “आई, ताईला पसंत नाही.”

आत कपबशी आपटली. मग आई वैतागून म्हणाली, “काय गो बाई, हिला आता राजपुत्रच हवा!”

ऋजुताने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, हे बघायचं धाडस यज्ञेशला झालं नाही.