मरळीचा रस्सा

अगं, कॉफी राहू दे, आधी ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, रौझाने शपथ घातली होती मला, पण आता शपथ पाळून कुणाचं काय भलं होणार आहे?

रौझा म्हणजे आमच्या शेजारची, माझ्याच वयाची, मागच्या वर्षी जिचं लग्न ठरलं ती. तिचे वडील हस्बीकाका आणि तिचे आजोबा यूनुस, दोघं एकाच महिन्यात आडवे झाले. हस्बीकाकांच्या पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे पिवळे, दवाखान्यातून सांगितलं की घरी न्या. आणि आजोबांना ऐन कापणीत, बांधावर उभे असतानाच झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. कळायचं सगळं, पण बोलता एक शब्द येईना.

आता नीट ऐक हं. आजोबांना मुलगे दोनच. थोरले हस्बीकाका, धाकटा इद्रिसकाका. आणि शेतं दोन, वरचं आणि खालचं. खालचं शेत वीस वर्षं हस्बीकाकांनी कसलं, कालव्यापासून पाट त्यांनीच खणून आणला, पण शेत आजोबांचं ते आजोबांचंच. आजोबा म्हणायचे, "एवढी कापणी होऊ दे, मुख्याला नि मशिदीच्या तेंगकूंना बोलावतो, चार माणसांसमोर खालचं हस्बीला देऊन टाकतो." तीन वर्षं म्हणत होते! एकदा पाऊसच थांबेना, एकदा म्हैस हरवली, एकदा तेंगकूच गावाला गेलेले. आणि चौथ्या कापणीला जीभच गेली.

आणि आमच्याकडचा तो नियम. बापाच्या आधी मुलगा गेला की पूल तुटला म्हणतात. नातवंडं राहिली पलीकडे, आजोबांच्या जमिनीतली ओंजळभर मातीसुद्धा त्यांची नाही. म्हणजे आजोबा आधी गेले, तर खालचं शेत हस्बीकाकांच्या वाट्याला आणि त्यांच्यामागून रौझाला नि तिच्या धाकट्या बहिणीला, ईंतानला. हस्बीकाका आधी गेले, तर सगळं इद्रिसकाकाचं. एका दिवसाचा फरक असला तरी! घर रौझाच्या आईचं होतं, घर तर बाईचंच असतं, पण घर काय शिजवून खायचं?

रौझा तेंगकूंकडे गेली. मी होते बरोबर. म्हणाली, "तेंगकू, आजोबांचा डावा हात चालतो. अंगठा घेतला तर?"

"पोरी, मरणाच्या आजारातलं देणं बाकीचा वारस हो म्हणाला तरच खरं. इद्रिसला विचार."

"त्यांना काय विचारायचं!"

"मग अल्लाहला विचार," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मी म्हटलं, शहरातलं कोर्ट म्हणे नातवंडांना देतं. तर रौझा मलाच म्हणाली, "आणि काकांना कोर्टात खेचलं तर निकाहाला मुलीकडचा वली कोण उभा राहील, तू? बाबा आज आहेत, उद्या नाहीत, आजोबा मुके. मग काकाच ना?"

आणि इद्रिसकाकाचं काय झालं माहितीय? जो माणूस ईदला उभ्या उभ्या यायचा नि तोंड दाखवून जायचा, तो आजोबांच्या घरी मुक्कामालाच आला. रोज पहाटे शेताच्या पाण्यात उतरून मरळ मासा धरायचा. आजाऱ्याला मरळीसारखं दुसरं काही नाही, जखमसुद्धा भरते. हळद, आलं घालून स्वतः रस्सा करायचा. अंगाला तेल काय लावायचा, कूस काय बदलायचा. नर्सला आणून सलाईनसुद्धा लावलं. बायका म्हणायच्या, असा मुलगा सगळ्यांना मिळो. आणि कॉफीच्या टपरीवर बाप्ये विचारायचे, "काय रे, आज म्हाताऱ्याने किती चमचे घेतले? आणि हस्बीने?" हसायचे! जणू बैलांची शर्यत चाललीय.

रौझा दोन घरांत नुसती पळायची. इकडे बाबांना कांजी भरवायची, एक चमचा आत, दोन बाहेर. "बाबा, अजून एक. माझ्यासाठी." तिकडे आजोबा.

आणि आजोबांनी तोंड मिटलं.

म्हणजे खरंच मिटलं गं! चमचा जवळ आला की ओठ घट्ट. तेंगकू येऊन बजावून गेले की स्वतःला उपाशी मारणं मोठं पाप आहे. इद्रिसकाका वासराला औषध पाजतात तसा जबडा धरून ओतायचा. "खा ना बा, माझ्यासाठी खा!" म्हणताना त्याचा आवाज रडका. शेवटी सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गिळताच येत नाही.

मग तो शुक्रवार. दुपारी पुरुष सगळे नमाजला निघाले. इद्रिसकाकाने रौझाच्या हातात वाडगा दिला. "हे संपलं पाहिजे हं. आल्यावर वाडगा बघणार मी."

मी दारातच नारळ खवत बसले होते. रौझाने चमचा नेला. ओठ मिटलेले. तिने परत नेला. तेव्हा आजोबांनी डावा हात उचलला आणि चमचा हळूच, अगदी हळूच, तिच्या तोंडाकडे ढकलला. दोनदा.

रौझाने माझ्याकडे बघितलं. मी खवणीकडे बघत बसले.

मग तिने तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. सगळा वाडगा संपवला गं तिने, रडली नाही, काही नाही, नुसती भराभर गिळत होती. आणि आजोबा बघत होते, आणि शप्पथ सांगते, त्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं.

इद्रिसकाका आला. वाडगा बघून असा खूष! "बघ, तुझ्या हातचं खाल्लं की नाही! आता तूच भरवत जा."

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस रौझाने मरळ खाल्ली. आजोबांचे ओठ ती ओल्या फडक्याने पुसायची, बस्स. सलाईनची सुई निघाली तर ते तिने नर्सला कळवलं नाही. इद्रिसकाका चक्रावलेला, "एवढं खातायत आणि अंगाला काहीच कसं लागत नाही?" सोमवारी सकाळी आजोबांना घरघर लागली. रौझा वाडगा मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "आज होईल." मी तिचा हात धरला. माझ्या मनात काय होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आणि नऊ वाजता मशिदीच्या भोंग्यावर नाव आलं. हस्बी, यूनुसचा मुलगा.

ती तिकडे नव्हतीच गं! इकडे बसली होती, वाडगा धरून. ईंतान सांगत होती, बाबा सकाळपासून विचारत होते, रौझा कुठंय, रौझा कुठंय.

दफनाला सगळ्यात मोठ्याने कोण रडलं? इद्रिसकाका. आणि ते रडणं खोटं नव्हतं, भाऊच होता त्याचा. तेच तर मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मरळ बंद. तेल बंद. "आता वय झालंय त्यांचं," इद्रिसकाका लोकांना म्हणायला लागला, "जबरदस्ती करून हाल कशाला करायचे?" आणि बायकोच्या घरी निघून गेला. आजोबांची घरघर कमी झाली होती, पण त्यांच्याकडे कुणीच जाईना. शेवटी रौझा गेली, साधी कांजी घेऊन. मी मागोमाग.

तिने चमचा पुढे केला. आणि आजोबांनी तोंड उघडलं. घरट्यातल्या पिल्लासारखं, मोठ्ठं. ते तोंड बघून मला इतका राग आला, इतका राग आला! चार दिवस आधी तरी... असो. रौझाने भरवलं. सगळं खाल्लं त्यांनी. आज पाचवा महिना आहे, आजोबा आहेत. ती रोज दोनदा जाते, कुठून कुठून तांदूळ मागून आणते.

मागच्या आठवड्यात मीही गेले होते. खालच्या शेतात इद्रिसकाकाचा पॉवर टिलर चाललेला, इकडपर्यंत आवाज. तो थांबवून पायऱ्यांशी आला, पाय चिखलाने भरलेले, तसाच उभा राहून बघत बसला.

"अगं वा, चांगले खातायत की!"

रौझाने पुढचा चमचा भरला.

"तुझ्या लग्नाची तारीख ठरव. वली म्हणून मी उभा राहणारच आहे, काळजी करू नकोस." जायला वळला, परत थांबला. "आणि हे बघ, हस्बीच्या पाटात यंदा मरळ चिक्कार झालीय. हवी तर धरून ने. माझी काही ना नाही."

रौझाने आजोबांची हनुवटी पुसली.

"नको काका," म्हणाली. "आम्ही मरळ खात नाही."