भरल्या कपाटावर रिकामा साठा

रणजित चौगुले रोज सकाळी नव्याने येत असे, आणि येताना त्याच्या अंगात बारीक कणकण असे. तो दारातून येत नसे. उद्यमनगरात, टायरच्या दुकानाच्या वर, चौथ्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये सकाळी खोल्या मांडल्या जात आणि दुसऱ्या खोलीत तो खुर्चीवर बसलेलाच असे. त्याची बायको वृषाली बाहेरून कडी काढायची. मग तो मान वर करून विचारायचा, "चहा झाला काय गं?" आणि चहा हातात घेऊन, "ओवीचा दात आला काय वर?"

"आला," वृषाली सांगायची.

त्यांची मुलगी ओवी आता चौथीत होती. तो दात येऊन, हलून, पडूनसुद्धा गेला होता. पण सकाळी सकाळी एवढं सगळं कोण सांगत बसणार.

त्या हॉलमध्ये 'मार्गी' चालायचं. मार्गी म्हणजे कामं मार्गी लावायचं वेबवरचं ॲप. गावातले फाउंड्रीवाले, गटारींचे कंत्राटदार, मंगल कार्यालय बांधायला काढून अर्ध्यात अडकलेले एक देसाई, असे सगळे आपापल्या मोबाइलवर त्यात कामाची कार्डं टाकायचे. काम पुढे सरकलं की बोटानं कार्ड 'बाकी'मधून 'चालू'मध्ये ढकलायचे आणि फारच दैव उघडलं तर 'झालं'मध्ये. बोट तिकडे सरकायचं. इकडे ते कार्ड रणजितला उचलून भिंतीवरच्या पुढच्या खणात ठेवावं लागे. हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कोणाला हौसही नव्हती.

खोल्या पत्र्याच्या होत्या. सगळे त्यांना कंटेनर म्हणायचे. संध्याकाळी त्या मोडायच्या, सकाळी साच्यावरून पुन्हा मांडायच्या, हे वृषालीचं काम. साचा एकदाच घेतलेला होता, ओवी रांगायला लागली त्या सुमाराला. त्या दिवशी रणजित खुर्चीवर बसला होता आणि त्याला जरा कसकस वाटत होती, एवढंच. साच्यात जे होतं ते रोज यायचं. खुर्ची यायची, कपाट यायचं, कॅलेंडर यायचं, रणजित यायचा आणि त्याची कणकण यायची. त्यानंतर खोलीत जे घडेल ते संध्याकाळी खोलीबरोबर जायचं. कुठं जायचं, हे विचारायची पद्धत नव्हती.

याचा फायदाही होताच. पत्र्याला गंज चढत नव्हता, खुर्ची कुरकुरत नव्हती आणि रणजितच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. वृषालीच्या कानशिलांवर मात्र चांगलीच चांदी आली होती. तो दुपारपर्यंत तिच्याकडे अधूनमधून निरखून बघायचा आणि म्हणायचा, "दमलीयास." ती "होय" म्हणायची.

टिकायची ती फक्त कार्डं. संध्याकाळी ती तिसऱ्या खोलीत जायची आणि त्या खोलीच्या मागे त्यांच्यासाठी साठा लावलेला होता. साठा म्हणजे मागची खोली, जी मोडायची नाही. पुढची खोली शंभरदा मोडा, शंभरदा मांडा, साठ्यातलं जागच्या जागी. देसायांच्या मंगल कार्यालयाचा अडकलेला स्लॅबसुद्धा तिथं सुखरूप होता. कार्डांना साठा पाहिजे, हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सुचलं होतं. माणसांसाठी तो कोणी मागितलाच नव्हता.

दिवसभर पत्र्यावर टकटक व्हायची. बाहेरून कोणीतरी विचारायचं, "आहात?" आतून "आहे" म्हणायचं. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही, तर खोली तिथल्या तिथं मोडून नवी मांडायची, असा नियम होता. विचारणाऱ्याला वृषालीनं कधी पाहिलं नव्हतं. रणजित कार्ड उचलता उचलता "आहे" म्हणायचा, तोंडात घास असला तरी म्हणायचा. दुपारनंतर ताप चढायला लागला की त्याचा आवाज बारीक व्हायचा. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलेलं असायचं. वृषाली त्याच्या कपाळावरून हात फिरवायची, बाहेर यायची आणि खोली मोडायची. पहिल्या वर्षी ती मोडताना रडायची. नंतर रडायचं राहून गेलं.

शेजारच्या बायका विचारायच्या, "मिस्टर कुठं असतात?"

"ऑफिसात," ती सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं.

सुट्टीत ती ओवीला घेऊन यायची. "ही ओवी," असं म्हटलं की रणजित हसायचा. "थट्टा करतीस काय माझी? ओवी एवढुशी हाय." मग हळूहळू त्याला पटायचं. दुपारी तो मुलीबरोबर पत्ते खेळायचा, चार वाजेपर्यंत तिच्या वर्गातल्या मुलींची नावंसुद्धा त्याला पाठ व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवी एवढुशी असायची.

त्या मे महिन्यात एका सकाळी ओवी खोलीच्या दाराशीच बसून राहिली. "मी नाही आत येत," ती म्हणाली.

"का गं?"

"पप्पांना मी रोज पहिल्यांदाच भेटते. मला कंटाळा आला." मग म्हणाली, "त्यांच्या मागं साठा लाव की. कार्डांना लावतेस."

"मग तापसुद्धा टिकेल, ओवी."

"टिकू दे. मीपण टिकेन."

वृषालीनं त्यावर विचार केला नाही. विचारच तिच्याकडे येऊन बसला आणि उठेना. दुपारी ती खाली टायरच्या दुकानामागे गेली. तिथं जयसिंग पोवार साठे द्यायचा. टायरच्या चळतीवर बसून तो केळं खात होता.

"कशासाठी पायजे?"

"माणसासाठी."

"केवढं हाय माणूस?"

"मध्यम."

पोवारनं ताडपत्रीसारखा गुंडाळलेला साठा काढून तिच्या खांद्यावर दिला. "रिकामा हाय. भरल्या कपाटावर लावू नका बरं का वैनी. आतलं झाकलं जातंय."

"कामावरच्या नव्या पोरांना ते मीच शिकवते," वृषाली म्हणाली.

आणि खरंच तीच शिकवायची. कार्डांच्या खोलीला साठा लावला तेव्हा तिनं आधी एकूण एक कार्ड कपाटातून काढून साठ्यात नेऊन ठेवलं होतं, आणि मगच कपाटावर साठा चढवला होता. सवयीनं तिनं दुसऱ्या सकाळी रणजितच्या खोलीतही साठा कपाटावरच चढवला आणि चारी कोपऱ्यांचे बोल्ट पान्यानं आवळले. कपाट उघडून बघितलं नाही. साच्यातलं कपाट, त्यात काय असणार? माणसाच्या खोलीतही आधीचं काही ठेवलेलं असतं, हे गावभराची कार्डं सांभाळणाऱ्या या बाईला सुचलं नाही.

तिनं बाहेर येऊन कडी लावली आणि पुन्हा काढली. रणजित खुर्चीवर होता. त्यानं मान वर केली आणि चहाचं काही विचारलं नाही.

"या की," तो म्हणाला. "बसा. तुमी कोण?"

वृषाली बसली. आपल्या हातून काय झालं ते तिला बसता बसताच कळलं: त्याच्या ओळखीचं सगळं त्या कपाटात होतं आणि ते झाकलं गेलं होतं. वाईट वाटलं, पण ते कुठंतरी तिसऱ्या-चौथ्या खोलीत वाटलं आणि तिच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात ओवी आत आली. "मी ओवी. तुमची मुलगी."

"बरं," रणजित म्हणाला. थट्टा वाटावी असं त्याच्यापाशी आता काही नव्हतं. "बस. काय येतंय तुला?"

"बदाम सात."

दुसऱ्या दिवशी कडी काढली, तेव्हा तो दाराकडेच बघत होता. "ओवी, काल तू मला हरवलंस," तो म्हणाला. "आज सोडणार नाही." ओवीनं आईकडे बघितलं आणि ती हसली. तिला असं हसताना वृषालीनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग रणजितचं वृषालीकडे लक्ष गेलं आणि तो अदबीनं जरा सावरून बसला. "नमस्कार, बाई. काल तुमी पण आला होता." त्याचं अंग कालच्या संध्याकाळइतकंच गरम होतं.

असं सुरू झालं. ओवी रोज यायला लागली. रणजितला तिची शाळा पाठ झाली, तिची भांडणं पाठ झाली, तिला कारलं आवडत नाही हे पाठ झालं. साठा भरत गेला, तसा तो भिंतीतून पुढे यायला लागला आणि खोली आखूड होत गेली. आधी कपाट आणि खुर्चीमधून माणूस जात असे, मग आडवं होऊन जावं लागे, मग जाताच येईना. तिघांचे गुडघे एकमेकांना लागायला लागले. कार्डांची भिंत रणजितच्या नाकासमोर आली. तो बसल्या जागेवरून कार्डं सरकवायचा आणि उरलेल्या हातानं पत्ते टाकायचा.

ताप उतरेना. गोळी दिली की घाम यायचा आणि दुसऱ्या सकाळी ताप कालच्यापेक्षा थोडा वरच असायचा. वृषालीनं डॉक्टर आणले. डॉक्टरांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "पेशंटचं वय?" साच्यातलं सांगावं की बाहेरचं, हे तिला ठरवता येईना. डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि गेले.

ती पुन्हा पोवारकडे गेली. "साठा काढला तर?"

"खालचं हाय तसं दिसंल. झाकलेलं असतंय, गेलेलं नसतंय."

"आणि साठ्यातलं?"

"ते साठ्यात ऱ्हाईल. तुमच्याकडं येणार नाही."

"दोन्ही एका कपाटात घालता येणार नाही?"

पोवारनं केळ्याची साल टायरमध्ये टाकली. "कार्डांचं घालता येतंय. माणसाचं कुणी करून बघितलेलं नाही. एकावर दुसरं चढलं, तर कुठलं ऱ्हाईल कसं सांगायचं?"

वर येताना वृषाली प्रत्येक मजल्यावर थांबली. साठा काढला की कणकण पुन्हा बारीक होईल. रणजित जगेल, रोज एक दिवस. आणि तो तिला "गं" म्हणेल. हे दुसरं कारण तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिला ते हवं होतं, ताप उतरण्याइतकंच किंवा जास्तच.

शनिवारी सकाळी तिनं पाना घेतला. खोली एवढी आखूड झाली होती की ओवी दाराच्या चौकटीत बसून पत्ते वाटत होती. रणजितनं आपले पत्ते उचलले नव्हते. त्याचे डोळे मिटलेले होते आणि श्वास भराभर चालला होता. पत्र्यावर टकटक झाली.

"आहात?"

तो बोलला नाही.

वृषाली त्याच्या खुर्चीवरून वाकून साठ्यापर्यंत पोहोचली. वरचा डावा बोल्ट तिनं काढला. मग उजवा.

"काय करतेस?" ओवी म्हणाली.

"हे काढलं की उद्या त्यांना एवढुशीच कणकण असेल."

"आणि मी?"

"तू पुन्हा सांगशील."

"ते हसतील. थट्टा करतीस म्हणतील." ओवीनं हातातले पत्ते खाली ठेवले. "त्यांनी तुला ओळखावं म्हणून काढतेस तू."

"होय," वृषाली म्हणाली.

टकटक झाली. "आहात?"

रणजितचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. वृषालीनं खालचा एक बोल्ट काढला. साठ्याचा वरचा कोपरा पुढे लवंडला आणि त्यामागे कपाटाचं दार दिसलं, साच्यातलं, एकही ओरखडा नसलेलं. दाराच्या फटीतून चहाच्या आल्याचा वास आला. ओवी बापाच्या मांडीवरून चढून पुढे आली. तिनं दोन्ही तळहात लवंडलेल्या कोपऱ्यावर ठेवले आणि तो पुन्हा भिंतीला दाबून धरला.

टकटक झाली. "आहात?"

"आहे," मागून उत्तर आलं. आवाज खणखणीत होता, जेमतेम कणकण असलेल्या माणसाचा.

रणजितनं डोळे उघडले. "मागं कोण हाय?"

"कोणी नाही, पप्पा," ओवी म्हणाली. तिनं कोपरा सोडला नव्हता. "तुमचा डाव आहे."

वृषालीचा पाना शेवटच्या बोल्टवर होता. कपाटातून कोणीतरी विचारलं, "चहा झाला काय गं?"