सिनेमातली आई

त्या दुपारी कुंदन सातपूरच्या कारखान्यातून घरी आला, तेव्हा दारात पोलीस उभे होते आणि त्याची तान्ही हर्षाली शेजारच्या लंकाबाईंच्या कडेवर होती. पाणी मागायला आलेल्यांना त्याच्या बायकोने, प्रतिभाने, दार उघडलं होतं. त्यांनी घर लुटलं आणि जाताना तिला मारून टाकलं.

हर्षाली दहावीत गेली त्या वर्षी या घटनेवरून एक भयपट निघाला. सिनेमावाले आधी कुंदनकडे येऊन सगळं विचारून गेले होते.

"पप्पा, त्यात नवरा वेळेवर पोचतो म्हणे. आई वाचते," हर्षाली म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"वर्गातल्या पोरी. तुझे पप्पा हिरो झाले म्हणून चिडवतात मला. मी जाऊ बघायला?"

"घाबरशील."

"घाबरू दे. आई चालता-बोलताना कशी दिसायची, ते मला कुठं माहितेय?"

"अगं, ती नटी आहे."

"असू दे."

कुंदनने तिला लंकाबाईंबरोबर नाशिक रोडच्या थिएटरला पाठवलं. ती परत आली, जेवली आणि उद्या पुन्हा जाऊ का म्हणाली. त्याने पैसे काढून दिले.

प्रतिभा खरोखर कशी बोलायची, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.